मनगटावरची रेघ

मी माणसांचे फोटो काढत नाही. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत यांतलं काहीही मी केलेलं नाही आणि करणारही नाही. हे मी ओळख झाल्या झाल्या सांगून टाकते, कारण आमच्या प्रभादेवीच्या गल्लीत बाई फोटोग्राफर आहे म्हटलं की लोक लगेच भाचीच्या लग्नाची तारीख सांगायला लागतात. मी वस्तूंचे फोटो काढते. दागिने, साड्या, मसाल्याची पाकिटं, पितळेच्या समया. वस्तू हलत नाहीत, डोळे मिचकावत नाहीत, 'माझी डावी बाजू जास्त चांगली येते' असं म्हणत नाहीत. त्यांचे मालक मात्र हे सगळं करतात.

परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. तोच स्टुडिओ. बाहेरच्यांना वाटतं, वस्तू टेबलावर ठेवायची आणि बटण दाबायचं, त्यात एवढं काय? एवढंच, की वस्तूवर पडणारा उजेड सगळं ठरवतो. समोरून लख्ख उजेड टाकला तर पैठणीसुद्धा रेशनच्या कापडासारखी सपाट दिसते. तोच उजेड बाजूने, अगदी पृष्ठभागाला घासून सोडला की जरीचा धागा न् धागा उठून येतो. सगळी कमाई मी या घासून जाणाऱ्या उजेडावर केली आहे.

यंदा गणपतीच्या आधी फोर्टातल्या दुकानातला मंदार एक नवा कॅमेरा घेऊन गाळ्यावर आला. "मॅडम, चार दिवस वापरून बघा. आवडला तर बोलू." मिररलेस, मिडियम फॉरमॅट. म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगते. जुन्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावर पडून आपल्या डोळ्यापर्यंत यायचा आणि बटण दाबलं की आरसा खटकन वर उडायचा. यात आरसाच नाही, डोळा लावायच्या जागी बारीक पडदा आहे. आणि उजेड टिपणारा आतला चौकोन नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळे फोटो कितीही वाढवा, फुटत नाही. किंमत इथे लिहीत नाही. नवऱ्याने विचारली तेव्हा त्यालाही सांगितली नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्याच्यावर चिडले. तो खटका नाही म्हणजे फोटो निघाला की नाही हेच कळेना. गिरगावातल्या सराफांची एक नथ लावून बघितली, तर मोत्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा, इतका स्पष्ट की पोलिसांच्या कामी यावा. लालबागचे एक मसालेवाले माझे जुने गिऱ्हाईक. मिरची अशी दिसली पाहिजे की बघणाऱ्याला ठसका लागावा, ही त्यांची कायमची मागणी. त्यांना मी नव्या कॅमेऱ्यातली मिरची वाढवून दाखवली. ते पडद्यावर वाकले आणि म्हणाले, "ताई, माझ्या मिरचीवर धूळ दिसते ओ. एवढं खरं नका दाखवू." मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. परत देऊन टाकावा असंच मनात होतं.

तेवढ्यात सुर्व्यांचा फोन आला. सुर्वे इथल्याच एका मंडळाचे कार्यवाह. मंडळाचं नाव सांगत नाही, सगळे ओळखीचे आहेत. त्यांच्या गणपतीचा फोटो इतकी वर्षं मीच काढते. बाप्पाला मी वस्तूंमध्ये धरते की माणसांमध्ये, असं विचारून सुर्वे दरवर्षी माझी फिरकी घेतात. यंदा मात्र ते काळजीत होते. "ताई, नाक्यावरचा बोर्ड पार तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणार. नुसतं मुख आणि आशीर्वादाचा हात. गेल्या वर्षी फोटो फुटला, पोरं अजून बोलून दाखवतात. यंदा फुटता कामा नये." मोठा बोर्ड म्हणजे मोठा कॅमेरा. मंदारचं खोकं उचललं आणि मी मेस्त्रींच्या कारखान्यावर गेले.

मेस्त्री म्हणजे मूर्तिकार. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, मूळचे मालवणकडचे, जन्म गेला लालबागेत पण बोलणं अजून गावचं. मला ते 'बाय' म्हणतात, मी त्यांना मेस्त्रीकाका. कारखाना म्हणजे दरवर्षी उभी राहणारी पत्र्याची मोठी शेड. तिथलं सगळं काम आता त्यांची मुलगी वैदेही बघते. माप, सांगाडा, प्लास्टर, माणसांचे पगार, सगळं तिच्याकडे. एकच काम मेस्त्रींनी कुणाला दिलेलं नाही, ते म्हणजे डोळे. त्याला आखणी म्हणतात. सकाळच्या उजेडात, पंखे बंद, रेडिओ बंद, बांबूच्या परांचीवर एकटे मेस्त्री.

डोळे काढून झाले की त्या शेडमधली वागणूक बदलते. काल मूर्तीच्या मांडीवर पाय देऊन मुकुट रंगवणारी माणसं आज लांब शिडी लावतात. भटजी प्राणप्रतिष्ठा करतील तेव्हा करतील, मेस्त्रींच्या लेखी डोळे काढले की 'ते' आले. त्यानंतर मूर्तीवर हातोडी नाही, छिन्नी नाही, मोठ्याने शिवी नाही.

मी गेले तेव्हा डोळे होऊन गेले होते. खरं सांगते, असे डोळे मी मेस्त्रींच्या हातचेही पाहिले नव्हते. मी कुठेही उभी राहिले तरी ते माझ्याकडेच बघत होते आणि त्या बघण्यात मला जराही भीती वाटली नाही. वैदेही हळूच म्हणाली, "यंदा तीन सकाळी लागल्या, ताई. हात साथ देत नाही त्यांना. दोनदा चढून नुसतेच खाली आले." मी मेस्त्रींच्या हाताकडे पाहिलं. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

परवा आगमन होतं. म्हणजे मूर्ती वाजतगाजत मंडपात जायची, सगळा रस्ता माणसांनी भरलेला असणार. मी शेडचा तेवढा कोपरा काळ्या कापडाने बंद केला, दिवे लावले, तिथेच माझा स्टुडिओ केला. नव्या कॅमेऱ्याची एक खोड लगेच नडली. त्याची नजर तीक्ष्ण, पण उथळ. डोळ्यांवर नेम धरला की पुढे आलेला आशीर्वादाचा हात धूसर व्हायचा. म्हणून मी मुखाचे वेगळे आणि हाताचे वेगळे असे फोटो काढले, नंतर लॅपटॉपवर जोडायचे म्हणून. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात दोन्ही एका फोटोत बऱ्यापैकी आले असते आणि मी आनंदाने घरी गेले असते.

लॅपटॉपवर हाताचा फोटो वाढवला. तळवा सुंदर होता. तिथून खाली मनगटावर आले आणि थांबले. रंगवलेल्या कड्याच्या जरा वर एक रेघ होती. केसाएवढी, थोडी वाकडी, कड्याखाली शिरलेली.

केस असेल, ब्रशाचा. नाहीतर कॅमेऱ्याच्या आत धूळ असेल. आतली धूळ असली तर ती प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात दिसते, म्हणून मी कॅमेरा थोडा सरकवून पुन्हा फोटो काढला. रेघ कोपऱ्यात राहिली नाही, मनगटाबरोबर सरकली. मग मी एक दिवा उतरवला आणि उजेड मनगटाला घासून जाईल असा सोडला. केस वर चिकटलेला असता तर त्याची एक कड चमकली असती. ही रेघ चमकली नाही. तिच्यात उजेड पडला आणि आतच राहिला.

तो हात पुढे काढलेला, अधांतरी, आत लोखंडी सळई. रस्त्यावर खड्ड्यात ट्रॉलीचं चाक गेलं, एक हिसका बसला, तर? खाली माणसं. आणि हात तुटलेली मूर्ती म्हणजे खंडित, ती मंडपात बसत नाही. फोटोसाठी आलेले सुर्वे माझ्यापासून चार पावलांवर फोनवर ढोलवाल्यांशी भांडत होते. ओरडून सांगावं असंही वाटलं, आणि मुकाट लॅपटॉप मिटावा असंही वाटलं. कॅमेरा माझा नव्हता, मला नीट समजलेलाही नव्हता. त्याच्या भरवशावर मी या माणसाला त्याच्या मूर्तीला तडा आहे असं सांगणार होते.

मी सुर्व्यांकडे पाठ केली आणि मेस्त्रींना हाक मारली. त्यांनी चष्मा वर सरकवून पडदा पाहिला.

"केस असतलो गो, ब्रशाचो," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, काका. पण तो चमकत नाही."

"ह्यो कॅमेरो नवो मां? तेका काय कळता?"

वाद घालायला माझ्याकडे होतं काय? वैदेही आमच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने पडदा पाहिला आणि मान वर करून मूर्तीच्या मनगटाकडे पाहिलं. मेस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग उठले, शिडी लावायला सांगितली आणि चढले. वर जाऊन त्यांनी अंगठ्याचं नख मनगटावरून फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा, हळू. दुसऱ्या वेळी नख अडकलेलं मला खालून दिसलं.

ते खाली आले ते थेट सुर्व्यांकडे गेले. मला वाटलं होतं आधी आमच्याशी बोलतील, काहीतरी मार्ग काढतील. ते सरळ म्हणाले, "सुर्वे, हात उघडूचो लागता."

सुर्व्यांनी फोन कानावरून खाली घेतला. सगळं समजल्यावर त्यांचा आवाज चढला. "मेस्त्री, परवा आगमन आहे! इतके महिने कुणाला दिसलं नाही, आज एका फोटोत दिसलं म्हणून हात फोडायचा? खालून कुणाला दिसतंय? मंडळाचं चांदीचं कडं आहे, ते त्यावर चढवू, गजरा बांधू जाडजूड."

"हात काय गजरो धरून ठेवतलो?" मेस्त्री म्हणाले.

सुर्वे माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला फोटो काढायला बोलावलं होतं." त्यांचा राग मला समजत होता. वर्गणी, परवानग्या, पोलीस, वाटेवरचे सत्कार, सगळं त्यांच्या डोक्यावर. शेवटी "तुमचं तुम्ही बघा, मला मूर्ती वेळेवर पाहिजे," असं म्हणून ते पत्र्याचं दार आपटून बाहेर गेले.

हात उघडणं हे कठीण काम नव्हतं. वैदेहीने मला समजावलं. मनगट फोडायचं, सळईला दुसरी सळई जोडायची, नवं प्लास्टर भरायचं, मोठे दिवे लावून वाळवायचं, रंग द्यायचा. होण्यासारखं होतं. ती छिन्नी घेऊन निघाली तेव्हा मेस्त्रींनी तिला अडवलं.

"डोळे उघडे असताना तेंच्या हातार छिन्नी मारूची नाय."

वैदेहीला ते माहीत होतं. ती नुसती टाळत होती. "बाबा, कापड बांधू डोळ्यांवर. स्वच्छ, धुतलेलं."

"झाकून काय होता? मागे डोळे असतच मां."

"बाबा, परत जमले नाहीत तर?"

एवढ्या वेळात कुणी बोललं नव्हतं ते तिने बोलून टाकलं. शेडमधली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. मी ती रेघ दाखवली नसती तर ते डोळे राहिले असते. आणि रेघही राहिली असती. मेस्त्री परांचीकडे गेले आणि म्हणाले, "वैदेही, पांढरो घे."

त्यांनी स्वतः चढून ते डोळे पांढऱ्या रंगाने पुसले. आधी हात जोडले, पुटपुटून काहीतरी बोलले आणि मग ब्रश फिरवला. पुसताना त्यांचा हात अजिबात हलला नाही. मी तिथे कॅमेरा घेऊन उभी होते आणि एकही फोटो काढला नाही.

छिन्नी लागली तेव्हा मनगट सहज उघडलं, नको तितकं सहज. आतली सळई जुनीच वापरलेली, जोडापाशी गंजून अर्धी झाली होती. वैदेहीने ती बाहेर काढून बाजूला ठेवली, तिच्याकडे पाहून घेतलं आणि कामाला लागली. तिचे कान लाल झाले होते, सांगाडा तिने उभा केला होता ना.

दुसरा दिवस वाळवण्यात गेला. मला तिथे काही काम नव्हतं, तरी मी जाऊन बसले. गाळ्यावर साड्यांचं काम पडलं होतं, त्या दुकानदाराला मी ताप आल्याचं सांगितलं. संध्याकाळी नवं मनगट रंगून तयार झालं. मी पुन्हा दिवा घासून सोडला, फोटो काढला, वाढवला. स्वच्छ होतं. मेस्त्रींनी नुसती मान डोलावली आणि लवकर घरी गेले.

आगमनाच्या दिवशी सकाळी शेडमधले पंखे बंद झाले. बाहेर ट्रॉली येऊन उभी होती, पोरांचा आवाज येत होता, सुर्वे दाराशी उभे राहून त्यांना गप्प करत होते. मेस्त्री चढले. हात स्थिर राहावा म्हणून आडव्या धरलेल्या काठीवर मनगट टेकवून त्यांनी उजवा डोळा काढला. तो छान झाला, एका दमात. मग ते डाव्या डोळ्याकडे वळले. वरची पापणी, बुबुळ. खालच्या रेघेला ब्रश टेकला आणि अर्ध्यावर थांबला. हात थरथरत होता, खालून स्पष्ट दिसत होतं. वैदेही शिडी धरून उभी होती, वर बघत नव्हती, शिडीच्या पायरीकडे बघत होती. मेस्त्रींनी ब्रश उचलला नाही. उचलला असता तर रेघ तुटली असती. ते तसेच थांबून राहिले, थरथर कमी होण्याची वाट बघत. ती कमी झाली नाही. मग त्यांनी तशीच रेघ पुरी केली.

खाली उतरल्यावर ते थेट माझ्याकडे आले. मला म्हणाले, "बाय, फोटो काढ. आणि मोठो करून दाखव. खरा सांग."

मी फोटो काढला. लॅपटॉपसमोर बसले, ते माझ्या शेजारी स्टुलावर. माझ्यापुढे दोन फोटो होते, एक परवाचा, एक आत्ताचा. तेच मुख, तोच मुकुट, तोच उजेड. परवाच्या फोटोतले डोळे दाखवले असते तर त्यांना कळलंही नसतं आणि हा म्हातारा सुखाने घरी गेला असता. माझं बोट परवाच्या फोटोवर जाऊन थांबलं होतं. पण याच पडद्यावर विश्वास ठेवून त्यांनी ते डोळे पुसले होते. आता याच पडद्यावर त्यांना फसवायचं म्हणजे तेव्हा दाखवलेली रेघसुद्धा खोटी करायची. मला ते जमलं नाही. मी आत्ताचा फोटो उघडला.

"मोठो कर."

केला.

"आणखी मोठो."

डाव्या डोळ्याची खालची रेघ मध्यापासून थरथरत गेलेली होती. बारीक लाटा, अगदी कोपऱ्यापर्यंत. मेस्त्रींनी पडद्याला बोट लावून ती रेघ पूर्ण गिरवली.

"लोकांका दिसतला?"

"खालून नाही दिसणार, काका. कुणालाच नाही."

"बोर्डार?"

बोर्डावर ती रेघ माझ्या दंडाएवढी जाड होणार होती. मी म्हटलं, "बोर्डासाठी परवाचा फोटो देते. तोही तुमच्याच हातचा आहे."

"ते मी पुसलंय. गेले ते. जे मंडपात बसतले तेच बोर्डार जातले."

"मग ही रेघ मी लॅपटॉपवर साफ करते. दोन मिनिटांचं काम आहे."

ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "माझ्या हातान पुसलंय तितका पुरे. तू आणखी पुसू नको."

मग त्यांनी मान वळवून वैदेहीला हाक मारली. ती हात पुसत आली. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "फुडल्या वर्साक डोळे तुया काढूचे."

"बाबा, एक रेघ फक्त हलली आहे. कुणाला दिसणारही नाही."

"माका दिसली," ते म्हणाले.

वैदेहीने मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही, आणि खुर्चीवर बसून रडायला लागली. तेवढ्यात सुर्व्यांनी दार उघडलं. ढोल सुरू झाले, पोरं आत आली, ट्रॉली ढकलली गेली, एकच गलका झाला. मी बोर्डवाल्याला फोटो पाठवला, होता तसा. लॅपटॉप मिटून बाहेर आले आणि गर्दीत मेस्त्रींना शोधायला लागले.

ते दरवर्षी मूर्ती शेडबाहेर पडली की घरी जातात. पुढची मिरवणूक त्यांनी कधी बघितलेली नाही, आवाज सहन होत नाही म्हणतात. यंदा ते ट्रॉलीबरोबर चालत होते. सुर्वे त्यांना हाताला धरून पुढे, मोकळ्या जागेत न्यायला बघत होते आणि ते सुर्व्यांचा हात झटकत होते. मंडपापर्यंत ते त्याच जागी चालत राहिले, आशीर्वादाच्या हाताच्या बरोब्बर खाली, म्हणजे तो पडलाच असता तर पहिल्यांदा त्यांच्यावर पडला असता.